शिक्षकाचा पेशा : आजचा आणि उद्यांचा

बारावीच्या परीक्षेचा निकाल हातीं आला, कीं अनेक सुशिक्षित घरांतून एक जुनाच संवाद नव्यानें सुरू होतो. मुलगी म्हणते, "मला शिकवायला आवडतें, मी शिक्षिका होणार." आजोबा समाधानानें मान डोलावतात. बाबा कपाळाला आठी घालून विचारतात, "पण नोकरी मिळणार आहे का?" आणि आई म्हणते, "बायकांना सोयीचें काम आहे हो. सुट्या असतात, घराकडे लक्ष राहतें." तिघांच्याही म्हणण्यांत थोडें थोडें तथ्य असतें; परंतु त्यांपैकीं कोणा एकाच्या म्हणण्यावर मुलीच्या आयुष्याचा निर्णय सोंपवावा असें मात्र नसतें. आजोबांच्या डोळ्यांपुढें गांवच्या गुरुजींना मिळणारा मान असतो. बाबांना शेजारचा पदविका घेऊन घरीं बसलेला तरुण दिसतो. आणि आईच्या मनांत एका जुन्या काळाची अकरा ते पांचची शाळा असते. शिक्षणाच्या क्षेत्रांत आज काम किती आहे, त्यांत प्रवेश कोणत्या दारानें मिळतो, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत हें क्षेत्र कोणत्या बाजूनें वाढणार आहे, हें उलगडून पाहिलें, तरच या संवादाचा शेवट शहाणपणानें होईल.

प्रथम या क्षेत्राचा विस्तार ध्यानांत घ्यावा. २०२४-२५ या वर्षाच्या शासकीय मोजणीप्रमाणें भारतांत सुमारे १४ लाख ७१ हजार शाळा, २४ कोटी ६९ लाख विद्यार्थी आणि १ कोटी १ लाखाहून अधिक शिक्षक होते. शिक्षकांच्या संख्येनें एक कोटीचा आंकडा ओलांडला तो याच वर्षीं, आणि तोही पहिल्यांदाच. त्यांत स्त्रियांचें प्रमाण शेंकडा ५४ च्या वर होतें. १८४८ सालीं पुण्यांत सावित्रीबाई फुले मुलींच्या शाळेंत शिकवूं लागल्या, तेव्हां स्त्रीनें शिक्षिका होणें हीच मोठी नवलाची आणि लोकनिंदेची गोष्ट होती. तेथून निघालेली वाट आज या पेशांत स्त्रिया बहुसंख्य होण्यापर्यंत येऊन पोंचली आहे. इतका मोठा सुशिक्षित वर्ग सामावून घेणारा दुसरा पेशा देशांत क्वचितच सांपडेल.

परंतु त्याच मोजणींत दुसरीही एक गोष्ट दिसते. शिक्षक वाढत असतांना विद्यार्थ्यांची संख्या मात्र आदल्या वर्षापेक्षां थोडी घटली. याचें कारण शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत दर स्त्रीमागें मुलांचें सरासरी प्रमाण भारतांत २ आणि महाराष्ट्रांत १.७ असें आढळलें. लोकसंख्या आहे तेवढीच राहावयाची तर हें प्रमाण २.१ च्या आसपास असावें लागतें. अर्थात् पहिलीच्या वर्गांत येऊन बसणारीं मुलें वर्षानुवर्षें कमी होत जाणार, हें आजच ठरून गेलेलें आहे. ज्या घरांत पूर्वीं चार मुलें शाळेला निघत, तेथें आतां एक किंवा दोन निघतात. या साध्या घरगुती गोष्टीचा शिक्षकाच्या नोकरीशीं फार जवळचा संबंध आहे.

तो संबंध असा : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. या कायद्याच्या परिशिष्टांत पहिली ते पांचवीच्या शाळेसाठीं शिक्षकांचें प्रमाण घालून दिलेलें आहे. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार, असा तो हिशेब आहे. आतां एखाद्या गांवच्या शाळेंत ९४ मुलें आहेत असें धरूं. तेथें चार शिक्षक हवेत. पुढील वर्षीं सात मुलें कमी झालीं आणि पट ८७ वर आला, कीं कायद्याच्या मापानें तीनच शिक्षक पुरतात. शाळा बंद पडलेली नसते, वर्ग भरत असतात, शाळेची घंटाही रोजच्याप्रमाणें होते. परंतु चौथा शिक्षक कागदोपत्रीं 'अतिरिक्त' ठरतो. त्याला नोकरींतून काढीत नाहींत. दुसऱ्या शाळेंतील रिकाम्या जागीं त्याचें समायोजन करतात. मात्र त्या रिकाम्या जागेकडे डोळे लावून बसलेल्या नव्या उमेदवाराची संधि तेवढ्यानें नाहींशी होते. दरवर्षीं शाळाशाळांच्या पटावरून मंजूर पदें ठरविण्याच्या या कामास महाराष्ट्रांत 'संचमान्यता' म्हणतात. शिक्षक होऊं पाहणाऱ्या तरुणानें जाहिरातीच्या आधीं हा शब्द समजून घेतला पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, कीं देशांत शिक्षकांची वाण आहे असें तर रोज ऐकूं येतें! तेंही खोटें नाहीं. वर सांगितलेल्या मोजणींतच १ लाख ४ हजारांहून अधिक शाळा एकशिक्षकी असल्याचें नमूद आहे. चार-पांच इयत्तांची मुलें एका खोलींत घेऊन बसलेला एकटा शिक्षक किती शिकवूं शकेल, हें सांगावयास नको. परंतु गरज आणि जागा ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गरज मुलांना असते. जागा मात्र मापदंडानें, निवृत्त होणाऱ्यांच्या संख्येनें आणि सरकारी तिजोरीनें ठरते. तिजोरीनें हात आंखडला, कीं गरज असूनही जागा निघत नाहींत.

या गोष्टीचा अत्यंत कडू अनुभव महाराष्ट्रानें घेतलेला आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत डी. एड्. च्या पदविकेला मोठा भाव आला होता. बारावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि लगेच जिल्हा परिषदेची नोकरी, असें समीकरण लोकांच्या मनांत पक्कें बसलें. तालुक्यातालुक्यांतून अध्यापक विद्यालयें निघालीं. शेत विकून, कर्ज काढून मुलांना तेथें पाठविणारे पालकही थोडे नव्हते. पुढें पटसंख्या उतरूं लागली, अतिरिक्त शिक्षकांचा प्रश्न उभा राहिला आणि २०१२ सालीं शासनानें शिक्षकभरतीवर बंदी घातली. त्यानंतरची मोठी भरती प्रत्यक्षांत यावयास २०१९ साल उजाडलें. मधल्या सात वर्षांत हजारों पदविकाधारक तरुणांचें उमेदीचें वय निघून गेलें. कोणी दुकानांत हिशेब लिहूं लागले, कोणी खाजगी शिकवण्यांवर गुजराण करूं लागले. आणि ओस पडलेलीं कित्येक विद्यालयें बंद झालीं.

येथें दोष त्या तरुणांच्या बुद्धीचा नव्हता. प्रवेश घेतांना मनुष्य आजच्या जागा पाहतो. परंतु तो पात्र होऊन बाहेर पडतो तो दोन किंवा चार वर्षांनीं, आणि तेही त्याच जागा पाहून आलेल्या इतर सर्वांच्या बरोबर. पेरणीच्या वेळचा बाजारभाव काढणीच्या वेळीं राहत नाहीं, हें शेतकऱ्यास जितकें ठाऊक असतें तितकें विद्यार्थ्याच्या पालकास नसतें. म्हणून आज किती जागा निघाल्या यापेक्षां, आपली मुलगी पात्र होईल त्या वर्षीं कोणत्या वयाच्या मुलांसाठीं आणि कोणत्या विषयासाठीं शिक्षक हवे असतील, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

आतां प्रवेशाच्या दारांकडे वळूं. पहिली ते पांचवीस शिकविण्यासाठीं प्राथमिक शिक्षणाची पदविका लागते. सहावी ते आठवीसाठीं पदवीबरोबर शिक्षणशास्त्राची पात्रता, नववी-दहावीसाठीं त्या त्या विषयाची पदवी आणि बी. एड्., व अकरावी-बारावीसाठीं पदव्युत्तर पदवी आणि बी. एड्. अशी सर्वसाधारण चढण आहे. बी. एड्. झालेल्यांस प्राथमिक वर्गही शिकवितां येतील अशी मुभा २०१८ सालीं देण्यांत आली होती. परंतु ऑगस्ट २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती अमान्य केली. लहान मुलांना शिकविणें ही एक स्वतंत्र विद्या आहे, मोठ्या वर्गाच्या शिक्षणाची ती धाकटी आवृत्ति नव्हे, असा या निर्णयाचा मथितार्थ आहे. तेव्हां बी. एड्. ही किल्ली सर्व कुलुपांना लागते असा समज कोणीं ठेवूं नये.

पदविका अथवा पदवी मिळाली तरी पहिली ते आठवीसाठीं शिक्षक पात्रता परीक्षा द्यावी लागते. दीडशें गुणांच्या या परीक्षेंत साधारणपणें ६० टक्के गुण मिळाले म्हणजे उमेदवार पात्र ठरतो, आणि २०२१ सालच्या निर्णयानें ही पात्रता तहहयात धरली जाते. सप्टेंबर २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें याही पुढें जाऊन असा निर्णय दिला, कीं ज्यांच्या निवृत्तीस पांच वर्षांहून अधिक अवधि आहे अशा, आधींपासून सेवेंत असलेल्या शिक्षकांनींही दोन वर्षांच्या आंत ही परीक्षा उत्तीर्ण झालें पाहिजे. अल्पसंख्याकांच्या संस्थांचा प्रश्न तेवढा मोठ्या पीठाकडे सोंपविण्यांत आला. पात्रतेनंतर महाराष्ट्रांत दुसरी पायरी येते ती शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीची. २०१७, २०२३ आणि २०२५ या वर्षीं ती घेण्यांत आली. तींतील गुणांवरून 'पवित्र' नांवाच्या संगणकीय प्रणालींतून निवड होते. दोन चाचण्यांमधलें हें अंतर उमेदवारानें ध्यानांत ठेवावें; कारण दार दरवर्षीं उघडतेंच असें नाहीं.

यांतच आणखी एक बदल येऊं घातला आहे. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें असें ठरविलें आहे, कीं २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी. एड्. पदवी ही शाळेंत शिकविण्याची किमान पात्रता व्हावी. बारावीनंतर विषयाचें ज्ञान आणि अध्यापनाची विद्या हीं एकत्रच शिकवावयाचीं, अशी त्यामागील कल्पना आहे. जी मुलगी आज बारावी झाली आहे आणि जिचें मन शिक्षकीवर खरोखर बसलें आहे, तिनें जवळपास असा अभ्यासक्रम आहे का, हें प्रथम पाहावें.

नोकरी लागली तरी पहिलीं तीन वर्षें 'शिक्षण सेवक' म्हणून मानधनावर काढावीं लागतात. अनेक वर्षें अगदीं तुटपुंजें असलेलें हें मानधन २०२३ सालीं प्राथमिकसाठीं १६ हजार, माध्यमिकसाठीं १८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठीं २० हजार रुपये करण्यांत आलें. तीन वर्षांनीं नियमित वेतनश्रेणी मिळते आणि मग या नोकरीचें स्थैर्य जाणवूं लागतें. मात्र १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेंत आलेल्यांना जुन्या पद्धतीचें निवृत्तिवेतन आपोआप लागू होत नाहीं. म्हणून "मास्तरकींत पेन्शन आहे" हें आजोबांचें वाक्य नातीला जसेंच्या तसें लागू पडणार नाहीं.

एवढें सर्व ऐकल्यावर बाबांची आठी अधिकच खोल होईल. परंतु क्षेत्राची एक बाजू आंखडत असतांना दुसऱ्या बाजू वाढत आहेत, हेंही तितकेंच खरें आहे.

पहिली बाजू बालशिक्षणाची. नव्या धोरणानें तीन ते आठ वर्षें या वयाचा एक सलग टप्पा मानला असून बालवाडीचीं तीन वर्षें त्यांत प्रथमच शिक्षणाच्या चौकटींत घेतलीं आहेत. महाराष्ट्रास ही कल्पना परकी नाहीं. ताराबाई मोडक यांनीं गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढें १९४५ पासून बोर्डी आणि नंतर कोसबाड येथें अनुताई वाघ यांच्या साहाय्यानें त्यांनीं आदिवासी मुलांच्या अंगणांतच शाळा नेली. १९७५ सालीं सुरू झालेल्या बालविकास योजनेंतील अंगणवाड्या आज सुमारे १४ लाख आहेत. मुलांची संख्या घटली तरी प्रत्येक मुलाला तिसऱ्या वर्षापासून जाणती शिक्षिका हवी, ही जाणीव वाढत जाणार. मात्र येथेंही गरज पुढें आणि वेतन मागें अशी स्थिति आहे. अंगणवाडी सेविकेस आजही मानधनच मिळतें, आणि खाजगी बालवाड्यांतील पगार बहुधा अल्प असतो. या वाटेनें जाणाऱ्या मुलीनें हें जाणूनच जावें.

दुसरी बाजू विशेष शिक्षणाची. दृष्टि, श्रवण, बुद्धि अथवा वाचन-लेखन यांत अडचण असलेलीं मुलें पूर्वीं शाळेच्या दारावरूनच परत जात. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें तीं इतर मुलांबरोबर शिकलीं पाहिजेत असें ठरविलें. २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा दहा मुलांमागें प्राथमिक स्तरावर एक आणि पंधरा मुलांमागें वरच्या स्तरावर एक विशेष शिक्षक हें प्रमाण धरावयास सांगितलें, आणि मार्च २०२५ मध्यें राज्यांना अशीं पदें निर्माण करण्याचा आदेश दिला. या कामास विशेष शिक्षणाची पदविका किंवा पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. पात्र माणसें थोडीं आणि मुलें पुष्कळ, अशी या शाखेची आजची अवस्था आहे. ज्याच्या अंगीं धीर आहे, महिनोन् महिने एकाच अक्षरावर घालवूनही जो कंटाळत नाहीं, त्याच्यासाठीं हें काम आहे.

तिसरी बाजू उच्च शिक्षणाची. २०२१-२२ च्या पाहणींत देशांतील महाविद्यालयीन विद्यार्थी ४ कोटी ३३ लाख होते, आणि त्या वयोगटाच्या मानानें नोंदणीचें प्रमाण शेंकडा २८.४ होतें. २०३५ पर्यंत तें ५० वर नेण्याचें उद्दिष्ट धोरणांत आहे. शाळेंत मुलें घटतात तीं जन्म घटल्यामुळें. महाविद्यालयांत मात्र अद्याप न आलेला निम्म्याहून मोठा वर्ग बाहेर उभा आहे. त्यामुळें येथें वाढीस वाव आहे. पदव्युत्तर पदवी व नेट अथवा सेट ही परीक्षा हें या दाराचें रूढ प्रवेशपत्र, आणि नियमित साहाय्यक प्राध्यापकाचें मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतें. परंतु अडचण आहे ती 'नियमित' या शब्दांत. महाराष्ट्रांत तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास शिकवावे तितके पैसे या हिशेबानें, वर्षानुवर्षें काम करणारे उच्चशिक्षित पुष्कळ आहेत. या वाटेनें जाणाऱ्यानें किती वर्षें थांबावयाचें याची मर्यादा आपल्या मनाशीं आधींच घालून घ्यावी.

चौथी बाजू वर्गाच्या बाहेरची आहे. पाठ्यपुस्तकें रचणें, प्रश्नपत्रिका काढणें, शिक्षकांना प्रशिक्षण देणें, मुलांच्या मनाच्या अडचणी जाणून सल्ला देणें, आणि मराठींतून शैक्षणिक ध्वनिचित्रफिती व अभ्याससामग्री सिद्ध करणें, हीं कामें वाढत आहेत. १९६७ सालीं स्थापन झालेल्या बालभारतीपासून आजच्या संगणकीय पाठांपर्यंत या कामाची परंपरा आहे. मात्र ज्यानें कांहीं वर्षें खऱ्या मुलांपुढें उभें राहून शिकविलें आहे, त्याच्याच हातून हें काम चांगलें उतरतें.

यंत्र शिक्षकाची जागा घेईल काय, हा प्रश्न आतां घरोघरीं विचारला जातो. गणित सोडवून दाखविणें, निबंध तपासणें, हवें तितक्या वेळां न रागावतां समजावून सांगणें, हें कृत्रिम बुद्धीचें यंत्र करूं लागलें आहे. केवळ टिपणें सांगून परीक्षा पार करून देणाऱ्या शिकवणीला त्यापासून धोका आहे. परंतु सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंतील रणजितसिंह डिसले यांना २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यांतून निराळाच बोध होतो. त्यांनीं पाठ्यपुस्तकांत संकेतचौकोन छापून त्यांच्या द्वारें कविता, चित्रफिती आणि पाठ मुलांपर्यंत पोंचविले. तेथें यंत्र शिक्षकाच्या जागीं आलें नाहीं. शिक्षकाच्या हातांत आलें. जें मूल खिडकीबाहेर पाहत बसलें आहे तें आज घरीं जेवून आलेलें नाहीं, हें ओळखणारा माणूस वर्गांत लागणारच आहे.

खाजगी शाळा आणि शिकवणीच्या संस्था यांत काम लवकर मिळतें, हें खरें. परंतु तेथें पाऊल टाकण्यापूर्वीं चार गोष्टी विचारून घ्याव्या. नेमणुकीचें पत्र लेखी मिळतें का. कागदावर लिहिलेला पगार हातांत पडतो का. उन्हाळ्याच्या सुटीचें वेतन मिळतें का. आणि भविष्य निर्वाह निधि कापला व भरला जातो का. या चार प्रश्नांचीं उत्तरें देण्यास जी संस्था कचरते, तिच्या इमारतीच्या झगमगाटाकडे पाहूं नये.

राहतां राहिलें आईचें म्हणणें. शिक्षिकेचें काम सोयीचें आहे हा समज आतां टाकून द्यावयास हवा. वर्ग सुटल्यावर वह्या घरीं येतात, नोंदी संगणकावर चढवाव्या लागतात. जनगणना, निवडणुका आणि आपत्तिनिवारण या कामांसाठीं तर शिक्षकांना कायद्यानेंच बोलावितां येतें. ग्रामीण जिल्ह्यांत पहिली नेमणूक झाली, तर शाळा घरापासून शंभर कोसांवरही असूं शकते. निव्वळ सोयीसाठीं या पेशांत आलेली व्यक्ति दोन वर्षांत थकते, आणि तिच्या थकण्याची किंमत चाळीस मुलें देतात.

म्हणून त्या मुलीनें प्रवेशअर्ज भरण्यापूर्वीं एक प्रयोग करून पाहावा. जवळच्या पालिकेच्या शाळेंत किंवा वस्तींतील अभ्यासिकेंत दोन महिने, रोज दोन तास, मागें पडलेल्या पांच-सहा मुलांना वाचावयास शिकवावें. पहिल्या आठवड्यांत उत्साह असतो, तिसऱ्यांत निराशा येते, आणि सहाव्या आठवड्यांत एखादें मूल बोट ठेवून एक ओळ आपली आपण वाचतें. त्या क्षणीं तिला पुढच्या मुलाकडे वळावेंसें वाटलें, तर बाबांनीं आठी सोडावी, वर सांगितलेला हिशेब तिच्यासह कागदावर मांडावा, आणि कोणत्या वयाच्या मुलांची शिक्षिका व्हावयाचें हें तिचें तिला ठरवूं द्यावें. आणि वाटलें नाहीं, तर तेंही दोन महिन्यांतच कळलें, म्हणजे चार वर्षें आणि घरचे पैसे वांचले.